अकरा किलोमीटर

तुराट्या जरा पुढं सरकवा, विस्तव धरू द्या. आकांक्षा, शाल घे अंगावर. भारत, तू बी बस खाली. जालन्याला सकाळी जा, आत्ता काय जल्दी न्हाई. मोटरसायकलवर रातीचं निघायचा विषय निघाला म्हणून सांगतो, न्हाईतर ही गोष्ट मी कुणाला सांगत न्हाई. ज्याच्यावर गुजरली त्यानं स्वतः माझ्यासमोर बसून सांगितली. सांगता सांगता दोनदा उठून बाहेर गेला.

आष्टीचा कल्याण. तुम्ही बघितलंय त्याला, आपल्याकडं येतो. उंच आहे, थोडा वाकून चालतो. गाडी तीसच्या वर पळवत न्हाई म्हणून पोरं हसतात त्याला. तोच.

दोन हजार तेवीस साल. नोव्हेंबरची तीस तारीख, गुरुवार, संकष्टी चतुर्थी. कल्याण सकाळी सहाला आष्टीहून निघाला. वाटूर, जालना, राजूर, भोकरदन करत पिंपळगाव रेणुकाईला जायचं होतं. तिथं त्याची थोरली बहीण दिलेली, दैवशाला. तिचं वर्षश्राद्ध होतं त्या दिवशी. दोन दिवसांमागं अवकाळी पाऊस पडून गेल्ता. कापूस झाडावरच भिजून काळा पडलेला. आणि हवा अशी गार, की हातमोजे घालून बी बोटं वळंनात.

ह्यांची आई लवकर गेल्ती. कल्याणला दैवशालानंच वाढवलं. स्वतःची शाळा सोडली आणि ह्याचं दप्तर भरून द्यायची. लग्न होऊन गेली तरी दर दिवाळीनंतर कल्याण तिला माहेरी आणायला जायचा, मोटरसायकलवर. तिला एसटी लागायची. म्हणायची, "माझ्या भावाच्या गाडीवर मला कधीच मळमळत न्हाई."

तर वर्षामागं, अशाच कार्तिकातल्या संकष्टीला, तो तिला आणायला गेल्ता. संध्याकाळी साडेसहाला दोघं पिंपळगावहून निघाले. तिला दिवसभराचा उपास. राजूर आलं तसं ती म्हणाली, "कल्याणा, थांब की थोडं. गणपतीचं दर्शन घेते, चंद्र निघाला की काहीतरी तोंडात टाकते. पाय गारठून गेलेत रे माझे."

कल्याणला घाई होती. रात्री दहाला शेतातली लाइट येणार, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. म्हणाला, "घरी सोड उपास." थांबलाच न्हाई.

थोडं पुढं गेल्यावर ती परत म्हणाली, "हळू चालव बाबा. मला धरवत न्हाई."

तवा हा खेकसला तिच्यावर. "अक्का, गप बस बरं आता! घर येईपर्यंत एक शब्द बोलू नको."

मंग ती बोलली न्हाई.

राजूरपासून पाच-सहा किलोमीटरवर एक मोरी आहे, ओढ्यावरचा बारका पूल. तिच्या अलीकडं रस्ता उखडलेला. गाडी जोरात आदळली, ह्यानं तशीच पुढं काढली. मागून आवाज न्हाई. ह्याला वाटलं, रुसली. बरंच झालं, म्हणाला मनात. गाडी पळवत राह्यला. जालन्याच्या लाइटी दिसायला लागल्या तवा त्याचं त्यालाच वाईट वाटलं. म्हणाला, "अक्का, चहा घेऊ का?"

गाडी हळू केली.

"अक्का?"

हात मागं नेला...

मागं कुणीच न्हाई.

तोंडावर हात ठेवू नको आकांक्षा, ऐक. अशा किती बाया पडतात गाडीवरून, पेपरात येतं. चालवणाऱ्याला पत्ता लागत न्हाई. ह्याला अकरा किलोमीटर पत्ता लागला न्हाई.

तसाच माघारी फिरला. मोरीपाशी, रस्त्याच्या खाली, तुरीत पडलेली सापडली. जीव होता. डोळे उघडून त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आलास का? मी लई हाका मारल्या रे." एवढंच. जालन्याच्या दवाखान्यात त्याच रात्री गेली.

तिथं डॉक्टरनं विचारलं, पडून किती वेळ झाला. कल्याण म्हणाला, "पडली तशी लगेच आणली." दाजींना तेच सांगितलं. भावकीला तेच सांगितलं. सगळ्यांनी उलट त्यालाच जवळ घेतलं. तुझी काय चूक रे, असं म्हणून पाठीवरून हात फिरवले. तो मला म्हणाला, "दादा, त्या वेळी कुणी थोबाडीत मारली असती ना, तर मी खरं बोलून गेलो असतो."

वर्षभर तो पिंपळगावाकडं फिरकला न्हाई. पण वर्षश्राद्धाला भावानं न जाऊन कसं चालंल?

गेला. बद्रीनाथ दाजींनी त्याला पहिल्या पंगतीला बसवलं. दैवशालाची पोरगी, तृप्ती, कॉलेजला आहे, ती वाढत होती. त्याच्या ताटात वाढता वाढता म्हणाली, "मामा, एका गोष्टीचं बरं वाटतं मला. शेवटच्या टायमाला तुम्ही आईच्या जवळ होता. एकटी नव्हती ती."

घास तोंडात तसाच राह्यला त्याच्या.

संध्याकाळी दाजी म्हणाले, "मुक्काम करा. थंडी लई आहे." पण त्याला त्या घरात बसवंना. सव्वासातला निघाला.

राजूरला आला तवा साडेआठ वाजून गेल्ते. संकष्टीची गर्दी होती, नारळाची दुकानं उघडी, माइकवर आरती चाललेली. चंद्र नुकता वर आल्ता. लोक त्याच्याकडं बघून हात जोडून राह्यले होते. कल्याणनं मान खाली घातली आणि गाडी काढली. ह्या वर्षी बी थांबला न्हाई.

गाव मागं पडलं. आवाज मागं पडला. दोन्ही अंगाला तुरी आणि कापूस. रस्त्यावर एकटा.

आता भारत, तू गाडी चालवतोस, तुला कळंल. बाई माणूस एका अंगानं बसलं की गाडी डावीकडं ओढती. मंग चालवणारा न कळत उजवीकडं झुकतो. अंगालाच सवय असती ती. दोन किलोमीटर गेल्यावर कल्याणच्या ध्यानात आलं, की आपण उजवीकडं झुकून गाडी चालवून राह्यलो.

"मंग? पंक्चर असंल," म्हणालास ना भारत आत्ता? कल्याणला बी तेच वाटलं. उतरला. मोबाइलची बॅटरी लावून बघितलं. हवा बराबर. चाक सरळ. सीटवर काही न्हाई.

परत बसला. किक मारली. गिअर टाकला.

आणि मागचे शॉकअप दबले.

कुणी बसल्यावर दबतात तसे. हळूच. ओळखीचे.

खांद्यावर हात न्हाई. आवाज न्हाई. नुसतं वजन.

आरशात बघायची हिंमत त्याला झाली न्हाई. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवत राह्यला. म्हणाला, "अक्का?"

...

"अक्का, बोल की."

...

"शिव्या दे मला. मार पाठीत. पण बोल."

काही न्हाई. कशी बोलंल? घर येईपर्यंत बोलू नको, असं त्यानंच तर सांगितलं होतं. ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो गाडीवरच रडायला लागला. रडत रडत सगळं कबूल केलं. मला पत्ता लागला न्हाई अक्का. मला वाटलं तू रुसली. मला बरं वाटलं तू गप बसली म्हणून. मी खोटं बोललो सगळ्यांशी.

मागं वजन तसंच.

मोरी आली.

त्यानं गाडी अगदी हळू केली. पाय टेकवत टेकवत न्यायला लागला. एक खड्डा. दुसरा खड्डा.

आणि शॉकअप वर आले.

हलके.

ह्या वेळी त्याला कळलं. त्याच क्षणाला कळलं. गाडी जागेवर थांबवली, बंद केली.

सगळं शांत. रातकिडे बी न्हाईत.

मंग हाक आली.

"कल्याणा..."

तुरीतून. लांबून. घाबरलेल्या माणसाची असती तशी. तो धावत खाली उतरला, तुरीत घुसला. कुणी न्हाई. परत हाक. तेवढ्याच लांबून. तिकडं धावला. कुणी न्हाई. पायात काटे, अंगावर ओली तूर. "आलो अक्का, आलो!" हा ओरडून राह्यला. आणि तिला ते ऐकू येत न्हाई. ती आपली हाका मारूनच राह्यली.

"कल्याणा... थांब रे..."

मंग बारीक.

"कल्याणा..."

मंग नुसता श्वास.

मंग तो बी न्हाई.

त्यानं मोबाइल बघितला. गाडी थांबवल्याला पस्तीस मिनिटं झाल्ती. वर्षामागं हिथून अकरा किलोमीटर जायला आणि अकरा किलोमीटर माघारी यायला त्याला एवढाच वेळ लागला होता. बराबर एवढाच.

...

मंग त्यानं गाडी फिरवली. आष्टीकडं न्हाई, माघारी. पिंपळगावला.

पोचला तवा अकरा वाजून गेल्ते. दाजींनी दार उघडलं. "काय झालं? गाडी बंद पडली का?"

"आत येत न्हाई दाजी," कल्याण म्हणाला. "आधी ऐका. मंग काय ते ठरवा."

अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. राजूरला थांबलो न्हाई तिथपासून ते डॉक्टरला खोटं बोललो तिथपर्यंत. आणि आजचं बी. दाजी ऐकत राह्यले. त्यांचा हात कडीवर होता, तो तिथून हलला न्हाई. तृप्ती कधी येऊन मागं उभी राह्यली, कळलं न्हाई.

तीच बोलली. "किती वेळ, मामा? किती वेळ हाका मारल्या आईनं?"

"पस्तीस मिनिटं."

आतापर्यंत त्याला ते माहीत नव्हतं. आता बिलकुल पक्कं माहीत होतं.

पोरगी तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. दाजी आत गेले. कल्याणला वाटलं, काठी आणतात. तो तसाच उभा राह्यला, मार खायला. दाजी बाहेर आले, ओसरीवर एक घोंगडी टाकली, पोरीला उठवून आत नेलं आणि दार लावून घेतलं. आजपर्यंत एक शब्द बोलले न्हाईत त्याच्याशी. तृप्तीचा फोन येतो कधीमधी. ती मामाच म्हणती, पण मधी मधी लांब गप्प राहती. कल्याण फोन ठेवत न्हाई. ती गप्प असंल तोवर तो बी कानाला लावून बसतो.

त्या रात्री तो ओसरीवर घोंगडी पांघरून बसला. झोप न्हाई. समोर अंगणात, उघड्यावर, गाडी. रात्रभर त्याची नजर तिच्यावरच होती.

पहाटे दव पडलं. कार्तिकातलं दव तुम्हाला माहीत आहे, पत्र्यावरून पाणी गळतं. साडेपाच-सहाला तृप्ती सडा टाकायला बाहेर आली. डोळे सुजलेले. मामाकडं बघितलं न्हाई. बादली घेऊन गाडीजवळून चालली, आणि थांबली.

टाकी ओली. हँडल ओलं. कल्याण बसतो ती पुढची जागा ओली, तिच्यावर पाण्याचे थेंब उभे.

मागची जागा कोरडी. एक बाई एका अंगानं बसंल, तेवढीच.

मांजर बसलं असंल, मी बी म्हणालो त्याला. कल्याण म्हणाला, "दादा, रात्रभर माझी पापणी लवली न्हाई. काहीच न्हाई बसलं तिथं."

तृप्तीनं बादली खाली ठेवली. हात पुढं केला. त्या कोरड्या जागेवर ठेवला... आणि ठेवूनच राह्यली.

मंग हळूच म्हणाली, "मामा... गरम आहे."