दारावर ठोकलेला हात

योगेशचा डावा पंजा दुकानाच्या चौकटीवर ठोकलेला होता. बाकीचा योगेश आत झेरॉक्सच्या मशीनजवळ पडला होता, तोंडात टॉवेल कोंबलेला आणि कवटी दगडानं फोडलेली. सावरगावच्या दूधवाल्यानं आधी वरचा हात पाहिला आणि तिथंच ओकला. दुकानात पाचशेच्या खोट्या नोटांचे बारा कागद सापडले, अजून कापायचे राहिलेले.

दुपारी बारापर्यंत पोलिसांनी अनिल गुरुजींना उचललं. तासाभरात त्यांची मुलगी जयश्री सौंसरला खासगी तपास करणाऱ्या दामिनी गजभियेच्या ऑफिसात येऊन बसली.

"माह्या बाबानं मुंगी मारली नाही, ताई. उद्या कोर्टात नेऊन राहिले त्याईले. बीपीचा माणूस आहे, जेलमधी एक रात्र निघणार नाही."

गुरुजींवर संशय यायला कारण होतं. रविवारी पांढुर्ण्याच्या वाचनालयात त्यांनी खोट्या नाण्यांच्या इतिहासावर व्याख्यान दिलं होतं. अकराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात खोटं नाणं पाडणाऱ्याचा हात तोडून टांकसाळीच्या दारावर ठोकायचे, हे सांगून ते शंभर माणसांसमोर म्हणाले, की आजही असंच पाहिजे. सोमवारी रात्री तसंच झालं. शिवाय ठाण्यात गुरुजी तोंडच उघडेनात.

"आता काय राहिलं मग?" श्रावणमामा म्हणाले. हे दामिनीचे सख्खे मामा, रिटायर्ड कंडक्टर. तिची गाडी चालवतात आणि दर केसमध्ये पहिल्या माणसाला गुन्हेगार ठरवतात.

दामिनीनं गाडी काढायला सांगितली.

सावरगावच्या दुकानात पोहोचले तेव्हा चौकटीवरचा पंजा पोलिसांनी नेला होता, खिळे तसेच होते. चार होते, बोटाच्या पेराएवढे, बारीक. मामांना वाटलं, एवढा भारी हात पेलायला एक मोठा खिळा बरा होता. दामिनीनं खिळ्यांचा फोटो घेतला आणि योगेशच्या बायकोला, इंदूला विचारलं, की तो डावखुरा होता का. नव्हता. जेवण, लिहिणं, सगळं उजव्या हातानं. आठ दिवसांपासून तो जेवत नव्हता, हे काम सोडतो म्हणत होता. काम कोणाचं, ते त्यानं बायकोला कधी सांगितलं नाही.

मग पांढुर्ण्यात अमितचा छापखाना. व्याख्यानाचं पत्रक त्यानंच छापलं होतं. दारावर हात ठोकण्याच्या शिक्षेचा मजकूर आणि गुरुजींनी स्वतः काढलेलं चित्र त्यावर होतं: गुडघ्यावर बसवलेला माणूस, उजवा हात लाकडावर आणि वर कुऱ्हाड. अमितनं कान धरून कबूल केलं, की शनिवारच्या पहिल्या पाचशे प्रतींत चित्राची फिल्म पालथी लागली. अक्षरं सरळ आणि चित्र आरशातल्यासारखं उलटं. गुरुजींनी बाहेर नेऊच दिलं नाही. इतकं बोलले, की त्यानं रात्रभर बसून दुसऱ्या प्रती काढल्या. सभेत त्याच वाटल्या.

"पहिल्या कुठं गेल्या?"

"रद्दीत, जी. त्याच संध्याकाळी रद्दीवाला घेऊन गेला."

मामा बाहेर येताच म्हणाले, "हाच आहे. छापणाराच नोटा छापते."

शेवटी योगेशच्या दुकानाचा मालक चेतन. संत्र्याचा मोठा व्यापारी, स्टेशनजवळ शेड. तिथं दोन माणसं बारीक खिळ्यांनी फळ्या ठोकून पेट्या करत होती, बाया तळाशी रद्दी अंथरून संत्री रचत होत्या. चेतननं खुर्च्या मागवल्या. भाडेकरू मेला म्हणून वाईट वाटतं म्हणाला. व्याख्यानाला तो गेला नव्हता, शनिवारपासून माल लावण्यातच होता. मामांनी तोवर तीन संत्री संपवली. दामिनीनं पेटीतला एक कागद ओढून त्यांना हात पुसायला दिला, मग काय वाटलं कोणास ठाऊक, तो परत घेऊन पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याच शेडमध्ये ठाण्याचे इन्स्पेक्टर, टीआय साहेब, दोन शिपाई घेऊन आले. अमितही आला. मामा दाराशी उभे राहिले.

"ज्यानं मारलं, त्याला हे गुरुजींच्या गळ्यात घालायचं होतं," दामिनी म्हणाली. "म्हणजे त्यानं त्यांची नक्कल हुबेहूब केली असती. सभेतल्या शंभर माणसांनी कोणता हात पाहिला? उजवा. योगेशही उजव्या हाताचा. मग डावा का तोडला?"

टीआय म्हणाले, की हाताला आला तो तोडला असेल.

"तोंडात बोळा कोंबून, जिवंतपणी, लाकडावर धरून तोडला साहेब. इतकं निवांत करणारा हात निवडून घेतो. त्यानं चित्र पाहून केलं आणि त्याच्याजवळचं चित्र उलटं होतं. उलटं चित्र सभेत कोणीच पाहिलं नाही. गुरुजींना ती चूक माहीत होती, त्यांनीच पकडली. अमितला माहीत होती, त्यानं शिव्या खाल्ल्या. चूक आहे हे ज्याला माहीतच नव्हतं, असा तिसरा कोण?"

तिनं पर्समधला कागद उघडला. संत्र्याच्या रसाचे डाग, खाली गुरुजींचं नाव आणि मधे तो माणूस, डावा हात लाकडावर.

"रद्दी इथं आली. खिळेही इथलेच, पेटीचे. रोज जे हाताखाली असतं तेच खिशात राहिलं. आता पेट्यांचे तळ उचला साहेब, कागदाखाली नोटा असतील. योगेश छापायचा, चेतनशेठ संत्र्यांखाली बाहेर पाठवायचे. योगेशनं नाही म्हटलं आणि..."

चेतननं पेटी फोडायची कुऱ्हाड उचलली होती. पहिला घाव शिपायाच्या खांद्यात बसला, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा दामिनीवर येत होता. श्रावणमामांनी भरलेली पेटी उचलून त्याच्या तोंडावर घातली, आणि तो पडल्यावर अजून एकदा घातली. संत्री, दात आणि पाचशेच्या नोटा एकाच ठिकाणी सांडल्या. मामांना दोघांनी धरून मागं ओढावं लागलं.

"काहून मारलं रे त्याले?" टीआयनं विचारलं.

"तो गुरुजीकडे गेला होता," चेतन रक्त थुंकत म्हणाला. "सगळं सांगाले. म्या मागं माणूस लावला होता."

दुपारी गुरुजींना सोडलं. जयश्री त्यांना बिलगून रडली, आता घरी चला म्हणाली. गुरुजी ठाण्यातल्या बाकावरून उठेनात. त्यांनी दामिनीला जवळ बसवलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बोलले.

"सोमवारी संध्याकाळी आला होता तो. सातवीत माह्याच वर्गात होता. म्हणे, गुरुजी, माह्यासंगं ठाण्यात चला, एकट्याले भेव लागून राहिलं. म्या म्हटलं, तुह्यासारख्याचे हात तोडले पाहिजे. आन् दार लावून घेतलं."

जयश्री वडिलांच्या पायात चप्पल सरकवत होती आणि ते पाय आत घालत नव्हते.