अक्रोडाखालची अंगठी

आग जरा सारखी कर रे. आणि तुमची ती धातू शोधायची यंत्रं ठेवा खाली, टेबलावर ग्लास राहू देत. नवीन माणूस क्लबात आला की मी त्याला ही गोष्ट एकदा सांगतोच. क्लिफर्ड लार्टरची. तुम्ही त्याला ओळखत नाही, आता तो येत नाही इथं. तीस वर्षं नॉर्फकच्या शेतांतून यंत्र फिरवलं त्यानं, पण सापडलेलं बटणसुद्धा आधी शेताच्या मालकाला दाखवल्याशिवाय कधी खिशात घातलं नाही. पैसा नव्हता त्याच्याकडे. नाव होतं, आणि ते तो जिवापलीकडे जपायचा.

त्या नावामुळेच रॉय मिंडमनं त्याला बोलावलं. मिंडम कुणालाच आत घेत नसे. "तू चोर नाहीस म्हणतात," तो म्हणाला. "सगळं रान तुझं. सापडेल त्यात अर्धं माझं. फक्त त्या कोपऱ्यातल्या अक्रोडाखाली जायचं नाही. माझे कुत्रे पुरलेत तिथं."

"नाही जाणार," क्लिफ म्हणाला. दोघांनी हात मिळवले. आपल्यात हाच कागद आणि हीच सही.

ऑक्टोबरची तीस तारीख, गुरुवार. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केल्याला चार दिवस झालेले, त्यामुळे साडेचारलाच सूर्य गेला. आत जाताना क्लिफनं फाटकाची दोरी सोडली होती. गवताचे गठ्ठे बांधायची नारिंगी प्लॅस्टिकची सुतळी. मिंडम सगळी फाटकं तिनंच बांधायचा, कडी बसवण्याचा खर्च कोण करणार. दिवसभरात मिळाले दोन गंजके खिळे आणि एक शिशाची गोळी. पाच वाजायला आले होते. तो गाडीकडे निघाला, तेव्हा कुंपणाशी एक बाई उभी होती.

"तुम्ही लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या शोधून देता ना?"

"देतो की."

"माझी तिथं पडलीय." तिनं हनुवटीनं अक्रोड दाखवला. हात कोटाच्या खिशात होते.

"तिथं मालकांची मनाई आहे, बाई."

"मालकीण मी आहे."

क्लिफनं तिच्याकडे नीट पाहिलं. मिंडमची बायको बारा वर्षांपूर्वी स्पेनला निघून गेली, असं सगळं गाव म्हणायचं. ही परत आली? कधी? आणि मग घरात दिवा का नाही? त्याला वाटलं, म्हातारा आपली परीक्षा बघतोय. बाईला पुढं करायचं, आपण शब्द मोडला की उद्या गावभर करायचं. नाहीतर क्लबातल्याच कुणाचा तरी चावटपणा.

"मालकांना विचारून येतो," तो म्हणाला.

"विचारा. मग मला ती कधीच मिळायची नाही." ती पुढं म्हणाली, "निळ्या खड्याची आहे. माझ्या आईची. काढाल तर तुमचंही देणं ठेवणार नाही मी."

"अंगठीत वाटा नसतो घेत आम्ही."

एवढं बोलला, आणि का कोण जाणे, गेला. शब्द मोडला त्यानं. हे तो स्वतःच सांगतो, लपवत नाही.

तिसऱ्या पावलाला यंत्र बोललं, पडद्यावर आकडा आला. सत्तावन्न. दुसऱ्या बाजूनं फिरवलं, सत्तावन्न. सोन्याचा आकडा, स्वच्छ. त्यानं गवताची चकती तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर उलटली. चार बोटं खाली गेला... काही नाही. आणखी खाली... आवाज खालूनच. तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. बारा वर्षांपूर्वी पडलेली अंगठी न नांगरलेल्या गवतात चार बोटं जाईल. वीतभर खाली जात नाही. कुणीतरी खणल्याशिवाय नाही.

"किती खोल पडली म्हणालात?"

विचारत विचारत तो खणत राहिला.

खुरप्याला हाड लागलं. कुत्र्याचं, त्याला वाटलं. मग दुसरं. बारीक. आणि त्यावर अंगठी... निळा खडा. बोटातच.

क्षणभर, तो सांगतो, त्याला आनंद झाला. जुनी कबर. हजार वर्षांची असेल. आयुष्यात एकदा मिळते अशी.

मग त्यानं टॉर्च लावला.

मनगटाला सुतळी होती. नारिंगी. प्लॅस्टिकची.

मान वर केली. कुंपणाशी कुणी नाही. आणि तेव्हा कुठं त्याला कळलं... यंत्राचे हेडफोन सगळा वेळ कानांवरच होते. कानांवर ते असताना शेजारची गाडी ऐकू येत नाही. तिचा शब्द न् शब्द ऐकू आला होता.

घराकडून जीपचे दिवे निघाले.

पळायला हवं होतं. पण तीस वर्षांची सवय. हेडफोन मानेवर ओढले, हातांनी आपणहून माती लोटली. चकती मिटली. वर दोनदा टाच दाबली. अंगठीला त्यानं हात लावला नव्हता, हे लक्षात ठेवा.

मिंडम उतरला. टॉर्च गवतावरून फिरला. एकदा. पुन्हा.

"कुठं खणलंस?"

"कुठंच नाही. फाटकाकडे चाललोय."

"मग इकडून?"

"...अंधारात चुकलो."

टॉर्च त्या चकतीवर थांबला. बराच वेळ.  नीट झाकलेला खड्डा कसा दिसतो? दिसतच नाही. त्या सफाईनंच वाचवलं त्याला.

तिथून क्लिफ सरळ पोलिसांत गेला. रात्रीतच मिंडमला उचललं. अक्रोडाखाली पहाटेपर्यंत दोन शिपाई उभे. सकाळी क्लिफच्या डोळ्यांदेखत खणलं. डावा हात होता. सुतळी होती. मिंडमची बायकोच ती, दातांवरून कळलं.

अंगठी नव्हती.

"तुम्हीच सांगितलंत, बोटात होती," इन्स्पेक्टर म्हणाला. "मग गेली कुठं?" क्लिफची गाडी तपासली, घर तपासलं, गाद्या उसवल्या. काही मिळालं नाही. पण क्लबात त्याच्याशी बोलणं थांबलं. मेलेल्या बाईच्या हातातली अंगठी काढणारा, असं म्हणायला लागले लोक. मीही एकदा म्हणालो. मला त्याची आजही लाज वाटते.

पुढच्या एप्रिलात त्यानं मला घरी बोलावलं. नुसता दाराजवळच्या हिरवळीकडे बोट दाखवून उभा राहिला. गवतात ताटलीएवढा गोल होता. तीन बाजू कापलेल्या, चौथी तशीच. क्लिफ कापतो तसाच, नेमका. पण टाचेचा ठसा नव्हता. हाताचा होता. बाईच्या, डाव्या हाताचा. मातीत खोल दाबलेला.

"काल नव्हतं हे," तो म्हणाला. "काढली तर चोर ठरलो. नाही काढली तर..."

 यंत्र माझ्या हातात दिलं.

अजून काढलेलं नाही त्यानं. तेवढा गोल सोडून गवत कापतो. मी त्या दिवशी यंत्र दोनदा फिरवलं, या बाजूनं आणि त्या बाजूनं.

सत्तावन्न.