साखळीच्या तळाचा पत्ता

काम किरकोळ होतं. यंत्राच्या गाभ्यावर नजर ठेवणारा आमचा प्रोग्रॅम सेकंदाला नव्याण्णव वेळा विचारतो: आत्ता काय चाललंय, आणि ते करायला कोणी बोलावलं? उत्तरात साखळी मिळते. याला त्याने बोलावलं, त्याला आणखी कोणी. काम संपलं की ज्याने बोलावलं त्याच्याकडे परतायचं, हा तिथला नियम. आमची साखळी तळाशी तुटत होती. ती जोडायची होती.

सर्व्हरच्या खोलीला खिडकी नाही. पंख्यांची घरघर, तापलेल्या धुळीचा वास. कोपऱ्यात मास्तरांचं टेबल, त्यावर उलटी ठेवलेली खुर्ची. मला हे काम शिकवणारे मास्तर गेल्या वर्षी त्याच टेबलावर डोकं टेकून गेले.

"काय काका, तीन आठवडे?" आमच्या प्रमुख बाई दारातूनच म्हणाल्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, जिभेला हाड नाही. "कॉलेज न करता कोणाच्या हाताखाली शिकलेल्यांचं हे असं."

"तुम्ही शिकून आलात ना? मग बसा इथे."

काल दुपारी चारला चूक सापडली. मास्तरांनीच एक अट घालून साखळी एक पायरी आधी थांबवली होती. मी ती काढली. साखळी पूर्ण आली. पण यंत्र जिथून सुरू होतं त्याच्याही खाली एक पत्ता निघाला. त्या पत्त्यावर मेमरीच नव्हती; बोलावणारा होता, पण त्याला जागाच नव्हती.

"बाई, हे काम मला तुम्हीच दिलंत ना?"

"मी? मास्तरांनी सांगितलंय म्हणत तुम्हीच आलात. म्हटलं, म्हातारपणी भ्रम होतो माणसाला..."

मी रोजची डायरी उघडली. तीन आठवड्यांपूर्वीचं पान, अक्षर माझं: 'मास्तरांनी टेबलापाशी बोलावलं. काम समजावलं. झालं की येऊन सांग म्हणाले.' लिहिताना मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

प्रोग्रॅममधली शेवटची ओळ मी मुद्दाम अर्धी सोडली. काम संपलं की बोलावणाऱ्याकडे परतायचं; मग ते संपायलाच नको.

"याला हात लावू नका, बाई... पाया पडतो."

"नाटकं पुरे," त्या म्हणाल्या.

आज सकाळी मी आलो तर बाई स्क्रीनसमोर, विजयी मुद्रेने. "तुमचं भिजत घोंगडं संपवलं एकदाचं. एक ओळ होती, काका! आभार नकोत." आणि त्या निघून गेल्या.

पंखे तसेच घरघरताहेत. मी हे लिहितोय, कारण उठावंसं वाटतंय आणि उठायचं नाही.

कोपऱ्यातली खुर्ची कोणीतरी खाली उतरवली आहे. पुसली आहे. आणि मास्तर शिकवताना माझ्यासाठी ओढायचे तशी, टेबलाच्या डाव्या बाजूला ओढून ठेवली आहे.