क्लेमच्या चासीवर चढवलेली गाडी

बाटल्या खाली ठेवा पोरांनो, आणि ती गाणी बंद करा. ऐकायचं तर नीट ऐका. ही डूगलची गोष्ट आहे. माझ्या गॅरेजमागेच राहायचा तो.

त्यानं जपानहून जुनी जीप मागवली. बॉडी झकास, पण चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, गंजून चाळण झालेली आणि इंजिन खलास. म्हणून आम्ही बॉडी साखळीनं उचलली आणि त्याच्या मेलेल्या भावाच्या, क्लेमच्या, पिकअपच्या चासीवर चढवली, डिझेल इंजिनासकट. मी म्हटलं होतं, ही चासी नको. तो म्हणाला, "लोखंडाला काय कळतंय, म्हातारबा?"

आपल्याकडे या ओसाड रानात जाताना घरी वेळ सांगून जायचं. परतलो नाही तर लगेच शोधायला या. आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. क्लेम डूगलला सांगून गेला होता, अंधार पडायच्या आत येतो. आला नाही. डूगलला वाटलं, पडला असेल कुठल्या पबात पिऊन. शोधायला गेला तो तिसऱ्या दिवशी. नऊ नंबरच्या बोअरपाशी क्लेम गाडीखाली, सावलीला मरून पडला होता. गाडी बंद पडलेली, बोअर कोरडी, पाण्याचा थेंब नव्हता. चासीवर चाकूनं तीन रेघा ओढलेल्या. भावाची वाट बघत दिवस मोजत होता बिचारा.

बॉडी चढवायच्या आधी त्या रेघा मी घासून काढल्या. वर काळा रंग मारला.

गेल्या वर्षीची अकरा फेब्रुवारी. डूगल नव्या गाडीतून एका गोठ्यावर पंपाचे वॉशर पोचवायला गेला. मला म्हणाला, सूर्य बुडायच्या आत येतो. परत येताना बोअरच्या फाट्यावर स्टिअरिंग आपोआप वळलं. त्यानं जोर लावला. उपयोग नाही.

बोअरपाशी इंजिन बंद पडलं. आठ वाजून चाळीस मिनिटं. रेडिओ मेलेला. काळोख…

खालून आवाज आला. टक.

मग पुन्हा. टक… टक.

डूगल उतरला. मागचा पाण्याचा कॅन काढला. गाडीखाली सरकवला.

"क्लेम… मी त्याच रात्री यायला हवं होतं रे."



मग खालून घोट घेतल्याचा आवाज. एक. दोन. कितीतरी वेळ…

आणि इंजिन आपोआप सुरू झालं.

इकडे सूर्य बुडाल्याबरोबर मी निघालो होतो. या खेपेला वाट बघत बसलो नाही. रस्त्यात तो समोरून येताना भेटला. रडत होता, हसतही होता. म्हणाला, "सुटला तो, म्हातारबा. माफ केलं त्यानं मला."

मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

सकाळी गाडी जॅकवर चढवली आणि खाली शिरलो. काळ्या रंगातून त्या तीन रेघा पुन्हा वर आल्या होत्या, जुन्या, गंजलेल्या. शेजारी चौथी. ताजी, लोखंड चकाकत होतं.

गाडी सोडायची नाही, हे लहानपणी क्लेमला मीच शिकवलं होतं.