वाचनखोलीतला बार्टा

येनो बार्टा बुडापेस्टहून कार्ल्सबाडच्या बुद्धिबळ स्पर्धेला आला, तो पहिलं बक्षीस घेऊनच परतायचं असं ठरवून. बरोबर बायको होती, इल्का. सकाळी ती तिथल्या औषधी झऱ्याचं कढत, खारट पाणी प्यायची आणि दुपारी हॉटेलच्या खोलीत विणत बसायची. तिच्यासमोरच बार्टा पटावर पुढचा डाव मांडायचा. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं.

म्हणूनच त्या दिवशीच्या डावात तो चक्रावला. उंटाचा बळी द्यायची एक चाल त्यानं वर्षभर जपून ठेवली होती. ती त्यानं खेळली, आणि समोरच्या डॉक्टर लिंडेमाननं क्षणभरही विचार न करता तिचं नेमकं उत्तर दिलं. वर मिस्कील हसला. बार्टा हरला.

"कुणाशी बोललीस?" खोलीत पाऊल टाकताच त्यानं विचारलं.

"कशाबद्दल?"

"माझ्या चालीबद्दल. इथे तुझ्याशिवाय आहे कोण?"

इल्कानं विणकाम खाली ठेवलं. "घोडा कसा चालतो तेही मला धड कळत नाही. मी काय सांगणार, कपाळ? आणि संशयच घ्यायचा, तर मीही घेईन. दुपारी माझा डोळा लागला की तुम्ही कुठे जाता?"

"मी? मी जागचा हलत नाही."

"मग... दार ओढून घेऊन कोण जातं?"

कांगावा करतेय, असंच त्याला वाटलं. इल्का रात्रभर रडली.

सकाळी झऱ्यापाशी त्यानं लिंडेमानला गाठलं. "खरं सांगा, डॉक्टर. ती चाल माझ्या बायकोनं फोडली ना?"

"थट्टा करता काय गरिबाची?" लिंडेमान हसला. मग बार्टाचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. "अहो, तुम्हीच नाही का दाखवलीत? परवा दुपारी, हॉटेलच्या वाचनखोलीत... म्हटलं, काय गुर्मी आहे या माणसाला! चाल सांगून हरवायला निघालाय."

म्हणजे हाही तिला सामील! दुपारी इल्का झोपल्यावर बार्टा दबक्या पावलांनी खाली उतरला. बोळकंडीत ओलसर गालिच्याचा आणि विझलेल्या सिगारचा वास कोंडला होता. वाचनखोलीच्या काचेच्या दारामागून मोहऱ्यांचा आवाज येत होता. टक्... टक्...

आत शात्रोव बसला होता, त्याचा उद्याचा प्रतिस्पर्धी. समोरची खुर्ची रिकामी. शात्रोव तिच्याकडे पाहून मान डोलावत होता. मग तो अर्धवट उठला, कुणाला निरोप द्यावा तसा वाकला, आणि वळला.

दारात बार्टाला पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "तुम्ही... आत्ता तर मागच्या दारानं गेलात..."

बार्टानं पटाकडे पाहिलं. तो डाव त्यानं अजून खोलीतही मांडला नव्हता. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या फक्त मनात आणला होता.

इल्काचा काही दोष नव्हता! तिचे पाय धरायचे म्हणून तो धडपडत निघाला. पण भेदरलेला शात्रोव त्याचा हात सोडेना. कोण होतं ते, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिला. अखेर बार्टा वर पोचला, तेव्हा खोली सताड उघडी होती. ट्रंक नव्हती. इल्काही नव्हती.

"काही विसरलात का, साहेब?" जिन्यावरच्या नोकरानं विचारलं. "आत्ताच तर बाईसाहेबांना घेऊन स्टेशनला निघालात. भरल्या डोळ्यांनी हसत होत्या बिचाऱ्या. चला, समेट झाला म्हणायचा."

बार्टा स्टेशनवर पोचला तेव्हा गाडी हलली होती.

"इल्का!"

एका खिडकीतून तिनं बाहेर पाहिलं. बार्टा दिसताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती किंचाळली, आणि शेजारी बसलेल्या माणसाला घट्ट बिलगली.