पोह्यांची राखण

माझ्या पोह्यांची प्लेट चोरीला गेली, तिथून हे सगळं सुरू झालं.

चोरीला म्हणजे... उचलली गेली. नागपूरच्या भर वस्तीतलं ते मोठं हॉटेल, सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. नाश्त्याचा हॉल मंगल कार्यालयाएवढा. मी दोन घास खाल्ले आणि लिंबाची फोड आणायला उठले. परत येते तर टेबल लख्ख! नवा नॅपकीन, नवे चमचे, आणि माझ्याच खुर्चीवर स्थिरावत असलेले एक पोटवाले गृहस्थ. मी हातात लिंबाची फोड घेऊन तशीच उभी.

एकट्यानं जेवणाऱ्याचं हे दुखणं आहे, दुकट्यांना कळायचं नाही. दोघं असली की एक उठतो, दुसरा बसून राहतो. एकटं माणूस उठलं की ते गेलंच, असं सगळे धरून चालतात.

"चूक आमची आहे, मॅडम." मागून आवाज आला. काळा कोट, नीट बसवलेले केस, छातीवर नावाची पट्टी — पियुष. तो हॉलचा कॅप्टन होता, म्हणजे वाढणाऱ्या सगळ्यांच्या वरचा. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "लिंबू तर तुमच्याकडे आहेच. पोहे मी आणतो."

मला हसू आलं. नागपुरात उतरल्यापासून मी पहिल्यांदाच हसले होते.

मी अदिती. पुण्याच्या एका कंपनीत काम करते. आमची डायलिसिसची मशीनं हॉस्पिटलांत बसवली जातात आणि ती कशी चालवायची हे मी नर्सेसना शिकवते. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलसाठी जूनपासून दर महिन्याला तीन दिवस नागपूर ठरलेलं होतं. लोकांना वाटतं, मज्जा आहे बाई हिची — विमान, हॉटेल, पांढरीशुभ्र चादर. त्या चादरीच्या एकाच बाजूला झोपून सकाळी दुसरी बाजू तशीच कडक इस्त्रीची पाहायची, त्यातली मज्जा मला तरी कधी सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी बसले आणि उठायचं टाळत होते. पियुष जवळ आला.

"निवांत उठा, मॅडम. मी राखण करतो."

"कशाची? पोह्यांची?"

"माझ्या आजोबांनी जन्मभर काटोलकडच्या संत्र्याच्या बागेची राखण केली. रानडुकरं यायची." त्यानं कालच्या पोटवाल्या गृहस्थांकडे हळूच नजर टाकली. "त्यामानानं हे सोपं आहे."

आणि खरंच तो उभा राहिला. माझ्या समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, मी लिंबू घेऊन येईपर्यंत. मी म्हटलं, बसा की. तो म्हणाला, बसायची परवानगी नाही, गेस्टच्या टेबलाशी बसलो तर नोकरी जाईल.

जुलैत मी आले तेव्हा खिडकीजवळचं टेबल माझ्यासाठी राखून ठेवलेलं होतं. चहात आलं होतं, साखर अर्धा चमचा. मी काही सांगितलं नव्हतं! कोणाच्या तरी लक्षात आपला चहा आहे, एवढ्यानं माणूस किती विरघळतं... मी तर पाघळलेच. मग तो गप्पा मारू लागला, उभ्या उभ्या. हुडकेश्वरला राहतो, आईचं नाव प्रेमिला, पहाटे पाचला घर सोडतो. मी नर्सेसच्या गमती सांगायचे. तो हसला की खुर्चीच्या पाठीवरची त्याची बोटं हलायची, आणि मला ती बोटं पाहायची सवयच लागली.

ऑगस्टमध्ये मी त्याला एक गोष्ट सांगितली. कोणालाच सांगितली नव्हती, आईलासुद्धा नाही. बाबा गेले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. ते असताना रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन यायचा — जेवलीस का? आता सात वाजले की हॉटेलच्या खोलीत मला बसवत नाही. खोलीत पाण्याच्या दोन बाटल्या भरलेल्या असतात, तरी मी फोन करून तिसरी मागवते. कोणीतरी बेल वाजवावी म्हणून.

हे बोलून गेले आणि लाजेनं चूर झाले. त्या दिवशी माझा चहा संपेपर्यंत पियुष खुर्चीजवळून हलला नाही.

त्या संध्याकाळी बरोबर सातला बेल वाजली. मी काही मागवलं नव्हतं. दारात हाऊसकीपिंगच्या यमुताई, हातात पाण्याची बाटली. "गरम होऊन राहिलं ना बाई, म्हटलं पाणी द्यावं," म्हणाल्या आणि दोन मिनिटं बोलून गेल्या. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. सप्टेंबरात, ऑक्टोबरात, नोव्हेंबरच्या थंडीतही. मी समजले होते, कोणी सांगितलं असेल ते.

सरळच सांगते, मी त्याच्या प्रेमात पडले होते.

डिसेंबरात ऑफिसनं कळवलं की जानेवारीपासून प्रशिक्षण पुण्यातूनच, स्क्रीनवर. म्हणजे नागपूरची ही शेवटची फेरी. आता बोलले नाही तर मग कधीच नाही. मी आकाशी रंगाचा नवा कुर्ता घेतला आणि विमानात बसून वाक्य पाठ केलं. ते इथं लिहीत नाही, फारच बाळबोध होतं.

डिसेंबर म्हणजे नागपुरात अधिवेशन. हॉटेल माणसांनी फुगलेलं, लॉबीत पांढऱ्या कपड्यांची गर्दी. सकाळी मी नवा कुर्ता घालून खाली गेले, तर खिडकीच्या टेबलावर कोणीतरी बसलेलं, आणि पियुष कुठेच नाही.

"सर बँक्वेटच्या ड्यूटीवर आहेत, मॅडम." नवी मुलगी होती, भूमिका नावाची, फार मनापासून काम करणारी. तिच्या हातात टॅब होता. "पण काळजी करू नका, तुमचं सगळं लिहिलेलं आहे. एकदा बघून घेता का, बरोबर आहे ना?"

आणि तिनं तो टॅब माझ्यासमोर धरला.

*खोली लिफ्टपासून लांब. चहात आलं, साखर अर्धा चमचा. खिडकीचं टेबल. एकट्या येतात. बोलायला आवडतं. वेळ द्यावा.*

खाली लिहिलं होतं — नोंद: पियुष, जून.

वेळ द्यावा. औषधाच्या चिठ्ठीवर लिहितात तसं. सकाळी एकदा, नाश्त्यानंतर. सहा महिने मी ज्याला माझं समजत होते, ते हॉटेलच्या भाड्यातच धरलेलं होतं... चहासारखं, वायफायसारखं! भूमिकेनं विचारलं, "बरोबर आहे ना, मॅडम?" मी म्हटलं, अगदी बरोबर आहे.

मी तोंड धुवायला उठले. परत आले तेव्हा माझी प्लेट उचललेली होती.

त्या दिवशी हॉस्पिटलात काय शिकवलं, देव जाणे. संध्याकाळी खोलीवर येऊन मी बॅग भरायला घेतली आणि भरता भरता रडायला लागले. रडू पियुषसाठी नव्हतं, माझ्याच मूर्खपणाचं होतं. एका नोंदवहीवर भाळणारी मुलगी! कोणी ऐकलं असतं तर हसलं असतं.

सात वाजले. बेल वाजली.

यमुताई होत्या, पाण्याची बाटली घेऊन. माझे डोळे पाहून मॅडम-बिडम सगळं विसरल्या. "काय झालं वं? काहून रडून राहिली?"

मी चिडूनच विचारलं, "हेही लिहिलेलं आहे ना त्या टॅबमध्ये? सात वाजता बेल वाजवावी म्हणून?"

"टॅबमध्ये?" त्या गोंधळल्या. "मले कुठं येते वं बाई तो टॅब पाहता? पियुषनं सांगतलं तोंडी. सहाव्या माळ्यावर ते पुण्याची मॅडम आली का सातले बेल वाजवजो म्हणे, पाण्याचं निमित्त करून दोन शब्द बोलजो. अन् हे कोणाले सांगू नको, कुठं लिहू देऊ नको." मग जीभ चावून म्हणाल्या, "घ्या. सांगतलं म्या."

त्या गेल्यावर मी बाटली हातात धरून पलंगावर बसून राहिले. टॅबवरच्या ओळी मला पाठ झाल्या होत्या. चहा होता, टेबल होतं, साखरेचा चमचासुद्धा होता. बाबा नव्हते. संध्याकाळचे सात नव्हते. जूननंतर तिथं एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँक्वेट हॉलच्या दारात गेले. पियुष तिथं उभा होता, हातात भली मोठी यादी, डोळे जागरणानं लाल. मला पाहून त्याचा हात आपसूक शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर गेला.

मी विचारलं, "ऑगस्टमधलं का नाही लिहिलं?"

तो हळू आवाजात म्हणाला, "चेकआऊट झालं का तुमचं?"

"नाही."

"मग मला काही बोलता येत नाही, मॅडम. तुम्ही अजून गेस्ट आहात." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "गेटबाहेर डाव्या हाताला पोह्यांची गाडी आहे. माझी ड्यूटी दहाला सुटते."

आयुष्यात इतक्या घाईनं मी कधी खोलीची किल्ली परत केली नाही.

गाडीशेजारी दोन प्लास्टिकची टेबलं होती. मी बॅग पायाशी ठेवून बसले. दहा वाजून सात मिनिटांनी तो आला. कोट नाही, पट्टी नाही. अंगात घरी विणलेला तपकिरी स्वेटर, काखेत हेल्मेट, केस विस्कटलेले. क्षणभर मी त्याला ओळखलंच नाही. तो समोरच्या खुर्चीजवळ येऊन नेहमीसारखा पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग त्यालाच आठवलं बहुतेक... आणि तो बसला.

सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोरची खुर्ची भरली होती.

"जूनमध्ये मीच लिहिलं होतं," तो म्हणाला. त्याचं बोलणंही कोटासोबत बदललं होतं. "खोटं नाही बोलत. तेव्हा तुम्ही गेस्ट होत्या, माझं कामच होतं ते. मंग तुम्ही बाबांचं सांगतलं... ते मले लिहिता आलं नाही. टॅबमध्ये टाकलं असतं तर चाळीस जणायनं वाचलं असतं. मॅनेजर साहेब बोलले बी, या मॅडमची नोंद काहून थांबली म्हणून." तो टेबलाकडे पाहत होता. "मले ते एकट्याले ठेवायचं होतं."

"का?"

"आता काहून विचारून राहिले तुम्ही? माहीत आहे ना तुम्हाले."

"माहीत आहे. पण ऐकायचंय."

त्याचे कान लाल झाले. थंडीनं नसावेत. "तुम्ही गेल्या की त्या टेबलावर दुसऱ्याले बसवताना जीव जाते माझा," तो म्हणाला. "बस. याच्यापेक्षा जास्त मले बोलता येत नाही."

माझं पाठ केलेलं वाक्य पुण्यातच राहिलं. मी म्हटलं, माझंही तसंच आहे. आणि हेही सांगून टाकलं की जानेवारीपासून मी येणार नाही, कंपनीनं नागपूर बंद केलं.

तो म्हणाला, "कंपनीनं बंद केलं ना. तुम्ही तर नाही केलं?"

"नाही."

"मंग जानेवारीत हॉटेलात नका येऊ. घरी या. आईले सांगून ठेवलं मी."

"काय सांगितलं?"

"की एक जण आहे, तिले एकटीनं जेवता येत नाही. आई म्हणे, मंग तिले एकटं काहून ठेवलं आतापर्यंत?"

मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात पोहे आले, वर लालभडक तर्री. मी घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तर्रीच्या नावावर खपून गेलं. लिंबू मात्र नव्हतं. मी उठले आणि गाडीपाशी गेले. तिथं गर्दी होती, ऑफिसला निघालेली माणसं, जागा शोधत असलेली. मागे एकानं आमच्या टेबलाशी थांबून माझ्या खुर्चीला हात लावला.

"खाली आहे का भाऊ?"

"नाही," पियुष म्हणाला. त्याचा हात माझ्या प्लेटभोवती होता. "बसली आहे. येऊन राहिली ती."

विमानाला अजून तीन तास होते. मी लिंबाची फोड उचलली आणि मुद्दाम हळूहळू परत निघाले.