बोधांक ऐंशी

आकलन प्रयोगशाळेत सकाळी साडेनऊला ताजुद्दीन मुजावर शिरला तो पेढ्यांचा पुडा हातात धरूनच.

"घ्या मॅडम, तोंड गोड करा. सत्त्याण्णव टक्के!"

डॉ. ऋजुता बेलदारने पेढा घेतला. आठ वर्षं ती आणि ताजुद्दीन या एका आकड्यासाठी राबले होते. उद्या राज्यात पहिला जनकौल होता, श्वसनकेंद्रांच्या कायद्यावर. आमदारांऐवजी जनतेनेच कायद्यावर 'होय' किंवा 'नाही' म्हणायचं. पण न समजता दिलेलं मत काय कामाचं? म्हणून अट घातली गेली होती. मतदाराच्या कपाळावर बोधपट्टी बांधायची. एखादी गोष्ट समजली की मेंदूत एक लहर उठते. पट्टी ती टिपते आणि शंभरपैकी आकडा देते. तो बोधांक. ऐंशीच्या खाली असेल तर मत स्वीकारलं जात नाही. मग 'निरूपक' हे बोलकं यंत्र मतदाराशी चार गप्पा मारतं, त्याच्या आयुष्यातले दाखले घेतं आणि प्रस्ताव पुन्हा समजावतं. बोधांक ऐंशी होईपर्यंत.

"चाळीस हजार माणसांवर चाचणी झाली," ताजुद्दीन म्हणाला. "सत्त्याण्णव टक्के लोकांना पहिल्याच निरूपणात समजलं. आणि जवळपास सगळ्यांनी 'होय' म्हटलं. माणसं चांगली आहेत हो आपली."

"चांगली म्हणजे?"

"म्हणजे श्वसनकेंद्रं चालू राहावीत म्हणाली ना. तुमचे दादा आहेत तिथे, माहीत आहे मला. आता निर्धास्त राहा."

ऋजुताचा मोठा भाऊ सदाशिव दगडाच्या मूर्ती घडवायचा. चाळीस वर्षांची दगडाची भुकटी छातीत बसली आणि गेली दोन वर्षं तो संगमनेरच्या श्वसनकेंद्रात यंत्राच्या नळीवर होता. केंद्र बंद झालं तर त्याच्याकडे फार तर एक दिवस होता.

तिने प्रस्तावाचा कागद ओढला आणि पेन्सिल घेऊन सावकाश वाचला. 'श्वसनकेंद्रे बंद करण्यास असलेली मनाई संपुष्टात आणावी काय?'

पेढा तिच्या हातातच राहिला.

"ताजुद्दीन, 'होय' म्हटलं तर काय संपतं?"

"बंद करणं संपतं."

"पुन्हा वाच."

"बंद करण्यास मनाई… संपुष्टात…" तो हसत हसत वाचत होता. मग हसू थांबलं. "मनाई संपते. म्हणजे केंद्रं बंद करता येतात. या अल्ला! पण मॅडम, मी स्वतः पट्टी लावून बसलो होतो. माझा बोधांक एक्क्याण्णव होता. मला समजलं होतं!"

"यंत्र खोटं बोललं का तुझ्याशी?"

त्याने आठवून पाहिलं. "नाही. एक शब्दही खोटा नव्हता. अब्बांना शेवटी दम लागायचा त्याची गोष्ट काढली. बंधनं सुटली की माणूस मोकळा श्वास घेतो, असं काहीतरी म्हणालं. मला एकदम पटलं. वाटलं, अरे, हे तर मला आधीपासूनच ठाऊक होतं!"

"आधीपासूनच ठाऊक होतं," ऋजुता पुटपुटली आणि खुर्चीत बसली. "चूक माझी आहे."

"तुमची कशी?"

"समजल्याची लहर कोणती, हे यंत्राला आपण शिकवलं कुठे?"

"कीर्तनात. तीनशे बारा श्रोत्यांना पट्ट्या बांधून."

तो आग्रह तिचाच होता. लहानपणापासून ती कीर्तनात बसली होती. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग उलगडतात, उत्तररंगात आख्यान रंगतं, मृदंगावर थाप पडते आणि सबंध मांडव एका लयीत मान डोलावतो. माणसाला याहून स्वच्छ काही समजत असेल, असं तिला वाटलंच नव्हतं. त्या मान डोलण्याच्या क्षणी मेंदूत जी लहर उठली, तिलाच तिने 'समजले' असं नाव दिलं.

"ताजुद्दीन, त्या मांडवात नवीन काय होतं? गोष्ट सगळ्यांना पाठ. शेवटी देव धावून येणार हेही पाठ. देवाची गोष्ट जुनी असते म्हणूनच गोड लागते. आपण मोजली ती ओळख पटल्याची लहर. पण कायदा नवीन असतो. तो खरंच समजताना माणूस अडखळतो, कपाळाला आठ्या घालतो."

"म्हणजे निरूपक प्रस्ताव समजावतच नाही?"

"तो फक्त मान डोलेपर्यंत बोलतो. माणसाच्या मनात आधीच जे बसलेलं आहे, त्यात प्रस्ताव गुंडाळून देतो."

ताजुद्दीनने बोधपट्टी तिच्यापुढे केली. तिने ती बांधली, प्रस्तावाचा खरा अर्थ मनात नीट मांडला आणि पडद्याकडे पाहिलं. चौतीस.

"ज्याला कळलं त्याचं मत बाद," तो हळूच म्हणाला.

ऋजुताने तक्रारीसाठी फोन लावला आणि पाचच मिनिटांत जनकौल आयोगाचे उपायुक्त नलावडे पडद्यावर आले. त्यांच्याही कपाळावर पट्टी होती. तक्रार अधिकाऱ्याला समजली तरच नोंदवायची, असा नियम आयोगाने स्वतःलाही लावून घेतला होता. ऋजुताने सगळं सांगितलं. नलावडे लक्षपूर्वक ऐकत होते, त्यांच्या भुवया जवळ येत होत्या.

"भयंकर आहे हो हे, बाई," ते म्हणाले आणि त्यांनी बाजूचा आकडा पाहिला. "पण माझा बोधांक एकोणतीस आलाय. नोंद घेता येत नाही. थांबा, निरूपकाला विचारतो."

"साहेब, नको! त्याला नका विचारू!"

नलावड्यांनी कानाला श्रवणनळी लावली. दीड मिनिट ते ऐकत राहिले. भुवया सैल झाल्या, मान हलकेच डोलू लागली.

"ब्याण्णव! आत्ता समजलं. मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी कुणालाही धास्ती वाटते. माझ्या मुलीच्या लग्नात माझंही असंच झालं होतं. निवांत राहा, बाई. काम उत्तम झालंय." पडदा काळा झाला.

"मॅडम," ताजुद्दीन म्हणाला, "रुग्णांचं मतदान आज आहे. उद्या नाही."

तिने संगमनेरला दृश्यफोन लावला. सदाशिव खाटेवर उशीला टेकून बसला होता. नाकात नळी, कपाळावर पट्टी, पुढ्यात मतयंत्र.

"ऋजे! बरी आलीस. त्र्याण्णव पडले मला. वॉर्डात पहिला! सिस्टर म्हणतात, पेपर काढायला तुम्हालाच बसवायला हवं होतं."

"दादा, बटण दाबलंस का?"

"दाबतोच आहे. का गं? आवाज असा का तुझा?"

"हात बाजूला घे आधी. 'होय' म्हणजे केंद्र बंद. बंद करायला जी मनाई आहे, तीच उठते. शब्द शब्द धरून वाच, माझ्यासाठी."

तो वाचू लागला. ओठ हलत होते, मध्येच श्वासासाठी थांबत होता. त्याच्या उशाशी आकडा उतरत गेला. ऐंशी. एकसष्ट. अडतीस. वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे माझी नळी काढायला मीच हो म्हणत होतो?"

"हो रे दादा. 'नाही' दाब. लवकर."

त्याने 'नाही' दाबलं. यंत्रातून मऊ, मायाळू आवाज आला, "आकलन अपुरे आहे. मत स्वीकारलेले नाही. काळजी करू नका, आपण पुन्हा समजून घेऊ."

ऋजुता ओरडली, पण सदाशिवला ते ऐकू गेलं नाही. मतदारावर कुणाचं दडपण नको म्हणून निरूपण चालू असताना बाहेरचा आवाज बंद व्हायचा. तो नियमही तिचाच होता. तिला मात्र तिकडचं सगळं ऐकू येत होतं.

"सदाशिवराव, तुम्ही मूर्ती घडवता. नको असलेला दगड काढून टाकला की आतला देव मोकळा होतो ना?"

"होतो," सदाशिव म्हणाला.

"मनाई हाही असाच वरचा दगड आहे…"

सत्तेचाळीस. ताजुद्दीन दुसऱ्या फोनवरून केंद्राचा क्रमांक पुन्हा पुन्हा फिरवत होता. त्रेसष्ट. भावाच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून पुसल्या जाताना ऋजुता पाहत होती, दोन्ही हात पडद्यावर टेकवून. त्याची मान डोलू लागली. अगदी लयीत.

पंच्याऐंशी.

सदाशिवने पडद्यातून तिच्याकडे पाहिलं आणि धाकट्या बहिणीची समजूत काढावी तसं हसला.

"समजलं गं आता नीट. तू उगाच घाबरवलंस मला," तो म्हणाला, आणि त्याने 'होय' दाबलं.